मदत हवी आहे : एकाच डब्यात इन्युलिन आणि आयएनएस ४६६, आईचे पोट नेमके कशाने फुगते?

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. आईला (वय ७१) बद्धकोष्ठतेचा जुना त्रास आहे. आहारातील चोथा वाढवावा असे डॉक्टरांनी सुचवल्यावर मी औषधांच्या दुकानातून ‘भरपूर फायबर’ असे छापलेली, दुधात कालवून घ्यायची पावडर आणली. तीन आठवडे आई ती रोज दोन मोठे चमचे घेते. पोट साफ होऊ लागले, हे मान्य. परंतु संध्याकाळ झाली की गुबारा धरतो आणि रात्रीचे जेवण जात नाही. वजन घटणे किंवा रक्त पडणे असे काही नाही.

डब्यावरील बारीक अक्षरे भिंगातून वाचली, तेव्हा चिकोरीच्या मुळापासून काढलेले इन्युलिन (चोथ्याचाच एक प्रकार) घटकांच्या यादीत दुसरे आणि आयएनएस ४६६ (आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांतील मिश्रकांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक), म्हणजे दाटपणा आणणारे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, सर्वांत शेवटी दिसले.

माझा पहिला संशय इन्युलिनवर आहे. ते लहान आतड्यात पचत नाही; मोठ्या आतड्यातील बायफिडोबॅक्टेरियासारखे जीवाणू ते आंबवतात, त्यातून उपयुक्त मेदाम्ले तयार होतात आणि ओघाने वायूही होतो. कांदा-लसणातही याच कुळातील फ्रुक्टान (न पचणारी कर्बोदके) असतात, आणि झुणका-भाकरीसोबत कच्चा कांदा खाल्ला की आईची तक्रार हुबेहूब हीच असते.

पण ४६६ मनातून जात नाही. उंदरांवरील २०१५ च्या प्रयोगात या पदार्थामुळे आतड्यावरील श्लेष्माचा थर पातळ झाला होता. पुढे अमेरिकेत १६ निरोगी माणसांना ११ दिवस ठरावीक आहारावर ठेवले गेले. त्यांपैकी ज्यांना रोज १५ ग्रॅम ४६६ दिले, त्यांच्या आतड्यातील जीवाणूंचे वैविध्य आणि ती मेदाम्ले घटली, शिवाय जेवणानंतर पोटात थोडी अस्वस्थताही वाढली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे यादीच्या तळाशी असलेला पदार्थ दोन चमच्यांत १५ ग्रॅमच्या जवळपासही नसणार, हे मला समजते. तरीही जीवाणूंना खाऊ घालणारा आणि त्यांची घडी विस्कटू शकणारा, असे दोन्ही पदार्थ एकाच डब्यात विकण्याचा खटाटोप मला चमत्कारिक वाटतो.

धाकट्या भावाचे म्हणणे निराळेच आहे. पूर्वी आई दूध केवळ चहापुरते घेत असे आणि आता रोज पेलाभर पिते, तेव्हा दोष दुधातील साखरेचाच, असे तो ठामपणे सांगतो.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर पावडर पाण्यातून देऊन पाहावी, की दूध तसेच ठेवून मात्रा अर्ध्या चमच्यावर आणावी आणि हळूहळू वाढवावी? इसबगोल आतड्यात फारसा आंबत नाही, म्हणून थेट त्यावर जाणे बरे का? आहारशास्त्राच्या जाणकारांनी किंवा घरी असा अनुभव घेतलेल्यांनी, कोणता बदल आधी करावा आणि प्रत्येकासाठी किती दिवस थांबावे, हे कृपया सांगावे.