विहीर पैठणची अन् नकाशावर समुद्रात! चूक भरणाऱ्याची का सॉफ्टवेअरची?

गोदाकाठ:
पैठण तालुक्यातल्या ३४ विहिरींचं पाणी नायट्रेटसाठी तपासलं, आता डेटा जमा करायला सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटा (म्हणजे डेटाविषयीची माहिती) भरायलोय तर दोन दिवस निस्ते अक्षांश-रेखांशातच गेले. एका विहिरीला उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार रकाने, म्हणजे तोच आकडा दोन-दोनदा टाका, अन् चुकून मराठी कीबोर्ड चालू राहिला की 'अवैध' एवढंच म्हणतंय, काय अवैध ते सांगत नाही. पण एका विहिरीचे आकडे उलटे पडले, ७५.३८ उत्तर अन् १९.४८ पूर्व, ते मात्र गपचूप घेतलं! नकाशावर बघतो तर विहीर नॉर्वेच्याही वर, स्वालबार्ड बेटांच्या खाली समुद्रात. सेव्ह करायच्या आधी नकाशा दाखवणं सक्तीचंच पाहिजे.

लातूरकर:
नाही पटलं. अक्षांश ९० पर्यंत चालतो, ७५ त्यात बसतो, मग सॉफ्टवेअर कशाला अडवील? जपानवाल्यानं १३९ उलटं टाकलं तर जागेवर अडतं. आपल्या मराठवाड्याचे दोन्ही आकडे ९० च्या आतले, म्हणून आपणच जास्त जपायला पाहिजे. वहीत प्रत्येक आकड्यापुढं 'उ' नाहीतर 'पू' लिहायची सवय लावा.

गोदाकाठ:
अहो पण वरच्या रकान्यात देश भारत निवडलेला आहे ना, मग बिंदू देशाबाहेर पडल्यावर एकदा विचारायला काय जातंय?

बोअरवाला:
समुद्रातली विहीर कुणालाही दिसते हो, खरी भीती जवळच्या चुकीची आहे. जीपीएसवर १९ अंश २८ मिनिटं ४५ सेकंद दिसतं अन् पोरं १९.२८४५ लिहून मोकळी होतात. एका अंशाची मिनिटं ६०, म्हणून खरा आकडा १९.४७९२. विहीर साडेएकवीस किलोमीटर दक्षिणेला, गोदावरीच्या पार पलीकडं गेली, अन् देश तोच, राज्य तेच, कोण पकडणार? जिल्हाभराच्या यादीत पॉइंटनंतरचे दोन आकडे कुठंच ६० च्या वर जात नसतील तर समजा मिनिटं घुसलीत. मी आधी तेच बघतो.

सातवीची_मॅडम:
पोरांना दोष काहून देता? मोबाईलच्या मॅपवर अक्षांश आधी, नकाशाच्या डेटाच्या जिओजेसन फाईलमध्ये रेखांश आधी. एकाच दिवसात दोन्हीकडं काम केलेल्या माणसाचं उलटसुलट होणारच. रकान्यात नुसतं 'एक्स' अन् 'वाय' लिहिण्यापेक्षा 'अक्षांश, मराठवाड्यात साधारण १८ ते २०' असा नमुना दिला तर निम्म्या चुका होणारच नाहीत असं माझं मत आहे.

लातूरकर:
नमुना द्या, त्याला माझी ना नाही. पण नकाशावर पिन ठोकायची सोय नको, झूम न करता ठोकतात अन् आकडा सहा दशांशांचा येतो. सहावा दशांश म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटर, एवढं कुणी मोजलं होतं? चार दशांश म्हणजे ११ मीटर, विहिरीला तेवढे बास.

गोदाकाठ:
मी पिन ठोकायचं म्हणतच नाही, टाकलेला आकडा कुठं पडला ते दाखवा म्हणायलोय. बोअरवाले, तुमचं वाचून वही काढली. बाभळीखालच्या विहिरीपुढं नुसतं १९.२८ लिहिलंय, मिनिटं का दशांश ते आता माझं मलाच सांगता येईना. रविवारी परत जाऊन रीडिंग घेतो. पण नकाशाची मागणी सोडणार नाही.