पिकअपचा लोखंडी बंपर डावीकडे वर बसतोय: पट्टी वाकडी की केबिन?

पिकअप_सातारा
बोलेरो पिकअप आहे. कंपनीचा पुढचा बंपर वाकला म्हणून बाजारातून ४ मिमी पत्र्याचा तयार लोखंडी बंपर आणलाय. मूळ भोकांवरच बसतो, प्रत्येक बाजूला वर-खाली दोन बोल्ट, एम १२ (१२ मिमी जाडीचे). ड्रायव्हर सीटवर बसून डावं-उजवं धरलंय.

जमिनीपासून मोजलं तर बंपरचं डावं टोक उजव्यापेक्षा १२ मिमी वर आहे. जाळी आणि बंपर यांच्यातली फट डाव्या हेडलाइटखाली ६ मिमी, उजव्याखाली २२ मिमी. शिवाय डावीकडचे बोल्ट आवळले की उजवं टोक ५ मिमी पुढे येतं. डेंटर म्हणतो, चॅसिसची भोकं गॅसने मोठी करू आणि बंपर खाली ओढू. करावं का?

पाना१९
चॅसिसच्या भोकांना हात लावू देऊ नका. गॅस तर नकोच. गॅसने कापलेल्या भोकाची कड खडबडीत राहते, भोवतीचा पत्रा तापून बदललेला असतो आणि पुढे तडा तिथूनच सुरू होतो. जे कापायचं, कानसायचं ते बंपरच्या पट्टीत, म्हणजे बंपरला मागे वेल्ड केलेल्या, चॅसिसला बोल्टने जोडायच्या तुकड्यात. पट्टी बिघडली तर दुसरी मिळते.

आता तुमचेच आकडे बघा. बंपर साधारण १६०० मिमी लांब धरू, हेडलाइटखालच्या ज्या दोन जागी फट मोजली त्यांच्यात १३०० मिमी. टोकांना १२ मिमीचा फरक असेल तर त्या दोन जागी तो १० च्या आत यायला हवा. तुमच्या फटीत फरक १६ आहे. म्हणजे सगळा दोष बंपरचा नाही. बंपर चॅसिसला बोल्टने घट्ट, पण जाळी, बॉनेट, हेडलाइट हे सगळं केबिनबरोबर, आणि केबिन बसलेली असते रबरी बुशांवर, म्हणजे केबिन आणि चॅसिस यांच्यामधल्या रबरी ठोकळ्यांवर. जाळी बघून बंपर जुळवणं म्हणजे हलत्या खुंटीला दोरी बांधणं.

जमिनीवरून मोजणंही सोडा. फरशी तिरकी असते, टायरमधली हवा कमी-जास्त असते, एखादा स्प्रिंगचा पाटा बसलेला असतो. गाडी रिकामी ठेवा, दोन्ही पुढच्या टायरमध्ये हवा सारखी करा आणि गवंड्याची पाणपातळीची नळी घ्या. पारदर्शक नळी, ४ मीटर पुरते, आत बुडबुडा राहू देऊ नका. बंपर काढून चॅसिसच्या दोन टोकांवरच्या वरच्या भोकांची पातळी मोजा. मग बंपर लावून त्याच्या दोन टोकांची. भोकांमधलं अंतरही टेपने मोजून लिहा.

कर्णही मोजा. चॅसिसवर मागे दोन्ही बाजूंना कारखान्यातली सारखी भोकं असतात, त्यांतली एक जोडी धरा. डाव्या बंपर-भोकापासून उजव्या मागच्या भोकापर्यंत, आणि उलट. फरक ५ मिमीच्या आत असेल तर चॅसिस सरळ समजा. जास्त असेल तर बंपरचं काम तिथेच थांबवून गाडी चॅसिस सरळ करणाऱ्याकडे न्या.

पिकअप_सातारा
मोजलं. कर्णांत फरक ३ मिमी. चॅसिसचं डावं भोक उजव्यापेक्षा २ मिमी वर, दोन्ही भोकांमध्ये ७५० मिमी. बंपरच्या टोकांत नळीनेही १२ मिमीच.

पाना१९
मग हिशोब सुटला. ७५० मिमीवर २ म्हणजे १६०० वर ४ मिमी. १२ पैकी ४ मिमी गाडी कललेली आहे म्हणून, ते बंपरमधून काढायचे नाहीत. चॅसिसच्या मानाने बंपर फक्त ८ मिमी तिरका आहे. टोकाचे ८ म्हणजे पट्टीवर पावणेचारच. डावी पट्टी १.९ मिमी खाली, उजवी १.९ मिमी वर, झालं काम.

एम १२ बोल्टला पट्टीत भोक १४ मिमीचं असेल तर मधल्या जागेपासून वर-खाली १ मिमी मोकळीक आहेच. म्हणजे प्रत्येक पट्टीत जेमतेम १ मिमी कानसायचं. डाव्या पट्टीची भोकं वरच्या अंगाला वाढवा, उजवीची खालच्या अंगाला. उलटं होतं बऱ्याचदा, कारण बंपर खाली न्यायचा म्हणून लोक भोक खाली वाढवतात. बोल्ट चॅसिसमध्ये जागचा हलत नाही, पट्टी त्याच्यावर सरकते, हे डोक्यात ठेवा.

आता फट. बंपरचे ८ मिमी हेडलाइटच्या जागी साडेसहा होतात. १६ मधून ते वजा केले की साडेनऊ उरतात. तेवढी केबिन चॅसिसच्या मानाने डावीकडे खाली आहे. डावा पुढचा केबिन बुश बसलाय, नाहीतर फाटलाय. टॉर्च घेऊन खालून बघा.

ओळंबा
वरचा हिशोब बरोबर. फक्त वाढवलेल्या भोकाबद्दल एक सांगायचं राहिलं. डाव्या पट्टीत बोल्ट भोकाच्या वरच्या कडेला टेकतो, म्हणजे बंपर वजनाने जिथे जाणार तिथेच तो आहे, सरकणार नाही. उजवीकडे मात्र बोल्ट खालच्या कडेला आणि वर मोकळी जागा. तिथे बंपर नुसत्या आवळण्यावर तोललेला आहे. खड्ड्यांत दोनेकशे किलोमीटर गेले की हळूच खाली बसतो आणि मग 'बंपरच वाकडा दिला' म्हणून दुकानदाराशी भांडण.

यावर उपाय असा. सगळं जुळल्यावर उजव्या पट्टीवर बाहेरून ५ मिमी जाड चौकोनी चकती ठेवा, भोक १२.५ मिमी. बोल्ट त्यातून घालून जागा पक्की करा, चकतीला वेल्डिंगचे दोन टाके मारा, मग बंपर उतरवून खाली पूर्ण वेल्डिंग करा. टाके मारताना बॅटरीची ऋण तार काढलेली हवी आणि वेल्डिंगची अर्थिंगची तार पट्टीलाच लावा, इंजिनला किंवा चॅसिसला नको. लांबट भोकावर नुसता स्प्रिंग वायसर लावू नका, तो भोकात दबून बसतो.

आणि ते ५ मिमी पुढे येणं: पट्टीचा माथा चॅसिसच्या तोंडाला समांतर नाही. वेल्डिंग निवताना पट्टी ओढली जाते, तयार मालात हे नेहमीचं. चारही बोल्ट हाताने टेकवा, डावीकडच्या सांध्यात फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. एका कडेला ०, दुसऱ्या कडेला १ ते २ मिमी अशी पाचर सापडेल. ती फट भरायची, बोल्टने ओढून मिटवायची नाही. ओढलीत तर तो ताण पट्टीच्या मुळाशी असलेल्या वेल्डिंगवर कायम राहतो. भरायला लोखंडी पत्र्याचा एकच तुकडा, यू आकारात कापलेला, म्हणजे बोल्ट न काढता सरकवता येतो. चार वायसर एकावर एक रचू नका.

असाच तुकडा वर-खाली कलासाठीही चालतो, पण जपून. दोन बोल्टांत ६० मिमी अंतर असेल आणि बंपरची खालची कड वरच्या बोल्टापासून ३०० मिमी खाली असेल, तर खालच्या बोल्टामागे १ मिमी घातला की ती कड ५ मिमी पुढे येते.

पाना१९
चकतीचं मान्य, मी लिहायला हवं होतं. आवळायचा क्रम असा: बंपर जॅकवर लाकडी फळी ठेवून तोला, वरचे दोन बोल्ट हलके, मग खालचे दोन, मोजा, मग तिरपे आलटून पालटून. डोक्यावर ८.८ (मजबुतीचा दर्जा) लिहिलेल्या एम १२ ला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, एम १० असेल तर ४५. त्याआधी दोन्ही टेकणाऱ्या तोंडांवरचा पावडर कोटिंगचा जाड थर घासून काढा आणि झिंक प्रायमरचा पातळ हात द्या. जाड रंग दाबला जातो आणि टॉर्क लावलेला बोल्ट आठवड्यात सैल पडतो. नट-बोल्टवर ऑइल पेंटची आडवी रेघ मारा, फिरला तर लगेच कळतो. १०० आणि ५०० किलोमीटरनंतर पाना लावून बघायचाच.

कोकणगाडी
गुहागर, मालवणकडे फिरणारी गाडी असेल तर बंपरच्या आतल्या घडीत सर्वांत खालच्या जागी ८ मिमीची दोन भोकं पाडा. खारं पाणी आणि चिखल आत राहिला की ४ मिमी पत्राही आतून खातो, बाहेरचा रंग चकचकीत असतो तेव्हाच.

बंपरला पुढे पाइपचा गार्ड असेल तर तो कापून टाका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलंय. आधार मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पासिंगलाही अडकतं. मूळ आकाराचा, मूळ जागी बसणारा, नंबर प्लेट आणि रेडिएटरची हवा न झाकणारा एवढाच ठेवा.

पिकअप_सातारा
गार्ड नाही. डावा पुढचा बुश खरंच चेपलाय, उजवा बरा दिसतो. एकच बदलला तर चालेल? आणि शेवटी फट किती ठेवायची?

ओळंबा
पुढचे दोन्ही बदला. नवा आणि जुना रबर सारखा दबत नाही, केबिन पुन्हा तिरकी होईल, या वेळी दुसऱ्या बाजूला. केबिनचे सगळे बोल्ट सैल करा, पुढचे दोन काढा, फळीवर जॅक घेऊन १५-२० मिमीच उचला. उचलताना स्टिअरिंगचा दांडा, गिअरची सळी आणि ब्रेकचे पाइप यांवर एकाने नजर ठेवायची.

बुश आधी, बंपर नंतर. फट दोन्हीकडे १२ ते १५ मिमी ठेवा. कमी ठेवलीत तर दिसायला छान, पण केबिन रबरावर डोलते आणि प्लास्टिकची जाळी बंपरवर आपटून फुटते. नंतर एक पुढचं चाक १५० मिमीच्या गुटक्यावर चढवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि टायर-बंपरमध्ये २५ मिमी उरतात का बघा. दुसऱ्या चाकालाही तेच.

हेडलाइट केबिनबरोबर उचलले जाणार, तेव्हा बुश बदलल्यावर फोकस पुन्हा लावून घ्या.