मदत हवी आहे: इंग्रजी पाटीवर 'वेअरी' (wary) चालेल का?

देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या बाजूला, आमचं छोटं होमस्टे आहे. तिथे ओहोटीला पाण्याला जबर ओढ असते आणि वरून सगळं शांत दिसतं. पाहुण्यांसाठी मराठी पाटी झाली, इंग्रजी ओळीवर घोडं अडलंय.

भाचीने सुचवलं, 'बी वेअरी ऑफ द करंट'. शब्दकोश पाहिला: अर्थ सावध, पुढे बहुधा 'ऑफ'. स्पेलिंगमध्ये एक 'ई' जास्तीचा घुसला की मात्र अर्थ होतो दमलेला (आमचा पेंटर नेमकं तेच करणार!). पण उदाहरणं सगळी अनोळखी माणसं, फुकटच्या ऑफर अशी. त्यात सावधपणापेक्षा संशयच जास्त वाटतो. 'बी केअरफुल' फारच मवाळ, आणि 'बिवेअर' म्हटलं की लोकांना कुत्राच आठवतो.

लाल बावटा वेगळा लावतोच, त्यामुळे 'डेंजर' सुचवू नका. जागा एकाच ओळीची आहे आणि वाचणाऱ्यांत परदेशी पाहुणेही असतात.

इंग्रजी रोज वापरणाऱ्यांनी सांगा: पाटीवर, सूचनेच्या सुरात, 'वेअरी' नैसर्गिक वाटतो, की तिथे 'बिवेअर'च हवा?