स्लोपला मराठीत काय म्हणावं: उतार, चढ की ढाळ?

विचारणा
रेव्हिट (इमारतींचे त्रिमितीय आराखडे काढायचा प्रोग्राम) शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. डोंगरावरच्या घरापर्यंत रस्ता काढायच्या पाठात अडले. जमीन, रस्ता, रस्त्याची रुंदी, सगळ्यांच्या कलाला प्रोग्राममध्ये ‘स्लोप’ हा एकच शब्द आहे. मी सगळीकडे ‘उतार’ लिहिलं आणि वाचणारे गोंधळले.

प्रतिसाद
ताई, गवंडी न्हाणीच्या फरशीला ‘ढाळ’ देतो, उतार नाही. ढळणे–ढाळणे ही जोडी पडणे–पाडणे सारखी आहे. अश्रू आपोआप ढळतात, आपण ते ढाळतो. म्हणून पाणी निघून जावं यासाठी मुद्दाम दिलेला कल तो ढाळ. डांबरी रस्त्याला मधून कडेकडे २ ते २.५ टक्के कल देतात, तोही ढाळच. डोंगराला मुळातच असतो तो उतार, आणि रस्त्याच्या लांबीत मोजायचा तो चढ.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. टोपोसॉलिड (रेव्हिटमधली जमीन, २०२४च्या आवृत्तीपासून) सबडिव्हाइड करून, म्हणजे तिचाच एक भाग वेगळा दाखवून, रस्ता आखला, की तो जमिनीवर चादरीसारखा पसरतो. डोंगर रस्त्याला आडवा १५ टक्के कललेला असेल तर रस्ताही तेवढाच कलतो, म्हणजे डोंगराचा उतार रस्त्याचा ढाळ होऊन बसतो. अशा रस्त्यावर गाडी चालवायची कशी? त्यापेक्षा रस्ता फ्लोअर (जमिनीपासून सुटा थर) म्हणून वेगळा काढा, दोन्ही कडांच्या बिंदूंना स्वतः उंची द्या, मग जमीन त्याला जुळवून घ्या. वरच्या अंगाला खोदाई, खालच्या अंगाला भराव.

प्रतिसाद
ढाळ पटला. ‘चढ’ मात्र जाताना चढ आणि येताना उतार. आकड्यासोबत दिशा लिहावीच लागेल.

एककही लिहा. भोर घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के, अंशांत जेमतेम दीड. डोंगरी रस्त्यांना भारतीय मानकांत नेहमीची मर्यादा ५ ते ६ टक्के आहे. त्यातले ६ कोणी अंश समजून भरले तर चढ साडेदहा टक्के होतो, आणि पडद्यावर तो चुकीचा दिसतही नाही.

विचारणा करणारी
दोघांचेही मनापासून आभार. पाठात ‘चढ (गेटाकडून घराकडे), टक्के’ असं लिहिते. वळणावर बाहेरची कड उचलतात, तिथे कल एकाच बाजूला असतो. त्यालाही ढाळच म्हणू ना?

प्रतिसाद
हो, ‘एकांगी ढाळ’ म्हणा. मुद्दाम दिलेलाच आहे तो.