काळ्या मातीतून मागच्या शेडपर्यंत आर्मर्ड केबल कशी न्यावी?

प्रश्न (बेसा, नागपूर)
नमस्कार. मागच्या शेडमध्ये तिखट-मसाल्याची चक्की बसवते आहे. मोटर सिंगल फेज, 2 एचपी. मेन बोर्डापासून शेड 40 मीटर. वाटेत संत्र्याची दोन झाडं आणि शोषखड्डा. वायरमन म्हणतो, 4 चौरस मिमी ॲल्युमिनियमची दोन कोरची (आत दोन तारा असलेली) आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवचाची, केबल घ्या, फूटभर चर पुरे, अर्थिंगला आर्मर (ते कवच) आहेच. सासरे म्हणतात, कंपाउंडच्या भिंतीवरून न्या, खोदकाम वाचेल. मार्चमध्ये मिरच्या येतील, त्याआधी काम उरकायचं आहे.

उत्तर 1
सासऱ्यांचं ऐका. क्लॅम्प मारून भिंतीवरून न्या. केबल डोळ्यासमोर राहते, फॉल्ट लगेच सापडतो. आमच्याकडे तशीच आहे.

उत्तर 2
ताई, हिंगणा एमआयडीसीत माझी नोकरी केबल जोडण्यातच गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी साइज. 4 चौरस मिमी ॲल्युमिनियमचा रोध किलोमीटरला 7.41 ओहम. जाऊन-येऊन 80 मीटर धरा. मोटर सुरू होताना 50 अँपिअर ओढते असं समजलं तरी 30 व्होल्ट वाटेतच जातात. मे महिन्यात संध्याकाळी घरोघरी कूलर लागले की व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. मग मोटर नुसती घुरघुरते आणि वाइंडिंग तापतं. 6 चौरस मिमी तांबं घ्या, रोध 3.08, म्हणजे घट 12 व्होल्टच्या आसपास. तांबं महाग वाटत असेल तं 10 चौरस मिमी ॲल्युमिनियमचा रोधही तेवढाच आहे. पण तांब्याच्या टर्मिनलवर बायमेटल लगच (ॲल्युमिनियम-तांब्याचं जोडटोक) लावा, नाही तं सांधा सडतो.

कोर तीन पाहिजेत: फेज, न्यूट्रल, अर्थ. एकट्या आर्मरच्या भरवशावर अर्थिंग सोडू नका. पोलादी पट्टीचा रोध जास्त असतो, आणि ग्लँडपाशी, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथल्या पकडीपाशी, गंज चढला की अर्थ संपली. चक्कीला हात लावणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. आर्मर दोन्ही टोकांना अर्थला जोडा, पण तिसरी कोर हवीच. शेडमध्ये गळती होताच वीज तोडणारं 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी लावा, घरच्या बोर्डात सी कर्व्हचं एमसीबी, म्हणजे मोटर सुरू होतानाच्या झटक्याने न पडणारं.

चर फूटभर अजिबात नको. आयएस 1255 या केबल टाकण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे 75 सेंमी. खाली तीन बोटं रेती, वर तेवढीच, त्यावर आडव्या विटा, मग माती. विटेवर सबल अडली की खणणारा थांबतो.

आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते. ताणून टाकलेली केबल ती ओढते, मग ग्लँडमधून आर्मर निसटतो. म्हणून केबल चरात नागमोडी सोडा, दोन्ही टोकांना मीटरभर वेटोळं ठेवा. वळण केबलच्या व्यासाच्या बारा पटीपेक्षा आवळू नका. भिंतीचं म्हणाल तर पक्क्या पायाच्या भिंतीवरून न्यायला हरकत नाही. पण याच मातीवर उथळ पायाने उभी केलेली कंपाउंडची भिंत तडकते आणि क्लॅम्पही सुटतात. मी तरी खोदूनच नेईन. शोषखड्ड्यापासून दूर, झाडांच्या घेराबाहेरून. संत्र्याची बारीक मुळं वरच्याच थरात असतात.

ग्लँड बसवताना समोर उभ्या राहा. आर्मरच्या पट्ट्या आरीने अर्ध्याच कापायच्या, मग हाताने वाकवून तोडायच्या. पूर्ण कापल्या की आरी आतल्या इन्सुलेशनला लागते. उरलेल्या पट्ट्या ग्लँडच्या शंकूवर सारख्या पसरल्या पाहिजेत.

प्रश्नकर्ती
खूप आभार. केबल आणली की लगेच पुरून टाकू का? आणि माती कधी खणावी?

उत्तर 2
खणायचं आत्ताच, थंडीत. मेमध्ये ढेकूळ फुटत नाही. केबलचं कापलेलं टोक टेपने बंद ठेवा, नाही तं ओल आत जाते. चर बुजवण्याआधी 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून प्रत्येक कोर दुसऱ्या कोरशी आणि आर्मरशी तपासून घ्या. नवी केबल एक मेगओहमच्या पुष्कळ वर दाखवते. काम परवानाधारक माणसाकडूनच करवा, आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवायचा का, तेही आधी विचारा. स्टार्टर धूळबंद पेटीत बसवा. तिखटाची भुकटी कॉन्टॅक्टवर बसते. मार्ग ठरला की भिंतीपासूनची मापं कागदावर लिहून त्याची एक प्रत मेन बोर्डाच्या झाकणामागे चिकटवा.