प्रतिसाद: ‘सायगोन्की’ या पोलिश शब्दाविषयी

पोलंडमध्ये तळलेल्या, सारण भरलेल्या व्हिएतनामी गुंडाळ्यांना ‘सायगोन्की’ (एकवचन ‘सायगोन्का’) म्हणतात. हा शब्द व्हिएतनामी असल्याचे चर्चेत म्हटले आहे, त्यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. या गुंडाळ्यांना व्हिएतनामच्या दक्षिणेत ‘चा ज्यो’ म्हणतात. ‘सायगोन्का’ हे नाव पोलिश भाषेने स्वतः घडवले आहे. सायगोन या नगरनामाला (१९७६ पासून ते हो ची मिन्ह सिटी आहे) ‘का’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय लागून ते तयार झाले, जसे आपल्याकडे पैठणपासून ‘पैठणी’ झाले. शहराचे नाव पोलिशमध्ये पुल्लिंगी आहे, पदार्थाचे मात्र स्त्रीलिंगी, आणि सामान्यनाम झाल्यामुळे ते लहान आद्याक्षराने लिहितात.

याच शब्दाचे ‘सायगोनेक’ हे रूपही आढळते; ते कोठून आले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. अशा स्त्रीलिंगी नामांच्या षष्ठी अनेकवचनात शेवटचा ‘आ’ गळतो; मग उरलेला ‘न्क’ हा जोड उच्चारायला अवघड होत असल्याने मध्ये ‘ए’ येतो. संख्येनुसारही रूप बदलते: दोन, तीन, चार यांच्यासोबत ‘सायगोन्की’, पण पाचापासून एकवीसपर्यंत ‘सायगोनेक’. बारा ते चौदा यांनाही ‘सायगोनेक’च लागते, बावीस म्हटले की पुन्हा ‘सायगोन्की’. शिकणाऱ्याने हा भाग आकडे मोठ्याने म्हणत पाठ करावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

पोलिश बोलीभाषेत नुसते ‘सायगोन’ म्हणजे गोंधळ, पसारा. तेथे मात्र प्रत्यय नाही आणि लिंगही पुल्लिंगीच राहते.