पुढच्या अ‍ॅक्सलला थ्री-लिंकच का?
खडकाळ वाटांवर चालणाऱ्या गाडीत पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा, चॅसिसला जोडलेला आडवा दांडा) टाळण्यासाठी पुढच्या सॉलिड अ‍ॅक्सलला (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकसंध आसाला) त्रिकोणी फोर-लिंक, म्हणजे काही दांडे तिरके बसवलेले चार दांड्यांचे सस्पेन्शन, बसवावी, अशी एक सूचना आहे; ती मला पटत नाही. स्टिअरिंग बॉक्स चॅसिसवर असेल, तर ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) वर्तुळाच्या कंसात फिरते आणि फोर-लिंकवरचा अ‍ॅक्सल मात्र जवळजवळ सरळ वर जातो; त्यामुळे स्टिअरिंग न फिरवताही चाके वळतात. (पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग असते, तर गोष्ट वेगळी; त्यात ड्रॅग लिंकच नसते.) पॅनहार्ड रॉड ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्यतो तेवढ्याच लांबीचा ठेवला, की दोघांचे कंस जुळतात. म्हणून दोन खालच्या लिंक, एक वरची आणि पॅनहार्ड, अशी थ्री-लिंकच मी निवडेन. रेडियस आर्म (दोन्ही बाजूंना एकेक, अ‍ॅक्सलला पक्के धरणारे लांब दांडे) सोपे खरे, पण खडकावर एक चाक उचलले गेले की त्यांचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) पिळले जातात व अ‍ॅक्सलची हालचाल अडते. मात्र ब्रेक लावताना अ‍ॅक्सलला बसणारा पीळ थ्री-लिंकमध्ये वरच्या बाजूला एकाच लिंकवर येतो, तेव्हा तिचे ब्रॅकेट आणि वेल्डिंग यांत काटकसर अजिबात करू नये.